दुपारचे कुलूप : वाचनालयाच्या बाल विभागाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

काल झालेल्या कार्यकारिणीच्या सभेत बाल विभाग दुपारी उघडा ठेवण्याच्या प्रयोगाला दिवाळीच्या सुट्टीपर्यंत परवानगी मिळाली. प्रयोगाची जबाबदारी माझ्याकडे देण्यात आली असून, जे जे घडेल त्याची तारीखवार नोंद ठेवावी, अशी अध्यक्षांनी सूचना केली. त्यानुसार ही वही आजपासून सुरू करीत आहे.

सावरकर नगरातल्या आमच्या वाचनालयाची वेळ पूर्वीपासून सकाळी ८ ते ११.३० आणि सायंकाळी ४.३० ते ८ अशी आहे. मधले पाच तास दाराला कुलूप असते. ही वेळ कोणी मुलांना डावलण्यासाठी ठरवलेली नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे ज्येष्ठ आणि संध्याकाळी कामावरून परतताना पुस्तक बदलून नेणारे नोकरदार हेच सभासद होते, तेव्हा त्यांच्या सोयीने ती ठरली आणि पुढे तशीच राहिली. ठाण्यातल्या जागेच्या अडचणीमुळे आमच्या परिसरातील बहुतेक शाळा दोन अधिवेशनांत भरतात. सकाळचे अधिवेशन साडेबाराच्या सुमारास सुटते आणि त्याच वेळी दुपारचे भरते. म्हणजे सकाळच्या अधिवेशनातले मूल मोकळे होते, तेव्हा वाचनालय नुकतेच बंद झालेले असते; ते पुन्हा उघडते, तेव्हा ते मूल क्लासला गेलेले असते. एकतीस वर्षे शाळेत शिकवूनही हे वेळापत्रक मी कधी वाचनालयाच्या पाटीशेजारी ठेवून पाहिले नव्हते, याची मला खंत वाटते.

२० जून २०२५, शुक्रवार

शाळा सोमवारी, १६ तारखेला, सुरू झाल्या. त्यानंतरचे चार दिवस सकाळचे अधिवेशन सुटण्याच्या वेळी जवळच्या दोन शाळांच्या फाटकाशी उभी राहिले आणि मुलांना एकच प्रश्न विचारला, ‘आता कुठे जाणार?’ मुख्याध्यापकांची परवानगी आधी घेतली होती, त्यामुळे शिक्षकही सोबत थांबले.

उत्तरे मी लिहून घेतली आहेत, पण त्यांची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, कारण चार दिवसांत जी मुले थांबली तेवढ्यांशीच बोलणे झाले. तरीही काही गोष्टी स्पष्ट दिसल्या. ज्यांच्या घरी आजी किंवा आई आहे, ती सरळ घरी जातात. ज्यांचे दोन्ही पालक कामावर असतात, म्हणजे वडील वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात किंवा रिक्षावर आणि आई घरकामासाठी मोठ्या संकुलांत, त्यांच्याकडे घराची किल्ली असते. पाचवीतल्या एका मुलाने ती मला दाखवली. दप्तराच्या आतल्या कप्प्यात सेफ्टी पिनने अडकवलेली आणि पिनेवरून तीन वेळा गुंडाळलेला दोरा. तो म्हणाला, ‘आईने सांगितलंय, आत जाऊन कडी लावायची आणि कुणी हाक मारली तरी उघडायचं नाही.’ मग संध्याकाळपर्यंत काय करतोस, असे विचारल्यावर त्याला उत्तर सुचेना. थोडा वेळ थांबून तो ‘मोबाईल नसतो दुपारी, तो आईकडे असतो’ एवढेच म्हणाला.

चौथीपर्यंतच्या मुलांची स्थिती वेगळी आहे. प्राथमिकचे हे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, अशी सूचना राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिली, त्यामुळे लहान मुलांची सुटण्याची वेळ काही शाळांत पुढे गेली आणि मोठ्या भावंडांच्या वेळेशी जुळेनाशी झाली. घरी सोबत जाणारी बहीण-भावाची जोडी त्यामुळे तुटली. मोठे मूल धाकट्याची शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर, नाहीतर वडापावच्या गाडीपाशी थांबते. वाचनालय या दोन्ही शाळांपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे.

२ जुलै २०२५, बुधवार

दुपारच्या वेळेसाठी माणूस कोठून आणायचा, हा प्रश्न आज सहचिटणीसांनी मांडला आणि तो रास्त आहे. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला, हे खरे. पण या कायद्यात ग्रंथालय कर नाही. शासनमान्य ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली असून त्या-त्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. ग्रंथालये चालवतात ती आमच्यासारख्या स्थानिक संस्थाच. त्यामुळे ग्रंथपाल आणि शिपाई यांचे मानधन अपुरे असते आणि त्यांच्याकडून जादा पाच तास मागणे अन्यायाचे ठरेल. आमच्या ग्रंथपालताई सकाळची पाळी संपवून घरी जातात, स्वयंपाक करतात आणि साडेचारला परत येतात. त्यांच्या दुपारवर डोळा ठेवून हा प्रकल्प उभा करायचा नाही, असे मी सभेतही सांगितले होते.

ठरले ते असे, की दुपारची पाळी स्वयंसेवकांनी घ्यावी आणि दुपारी कोणतेही पुस्तक घरी देऊ नये. देवघेव, शिक्का, दाखल नोंदवही ही ग्रंथपालांची जबाबदारी असून ती त्यांच्याच वेळेत होईल. दुपारी मुलांनी तेथेच बसून वाचावे. घरी न्यायचे पुस्तक निवडून वेगळ्या टोपलीत ठेवावे आणि साडेचारनंतर ते त्यांच्या नावावर नोंदवावे.

या निमित्ताने कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, की मुलांना सांभाळणे हे वाचनालयाचे काम आहे का? प्रश्न त्यांनी विरोधासाठी विचारला नव्हता, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर दिले. ठाणे हे ग्रंथालयांच्या बाबतीत जुने शहर आहे. विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ मध्ये येथे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले, ते मराठी पुस्तके एका ठिकाणी जपली जावीत आणि वाचकांना मिळावीत म्हणून. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली आणि खेड्यांपर्यंत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. वाचक येत नसेल तर पुस्तकाने त्याच्याकडे जावे, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच रुजला होता. युनेस्कोच्या १९९४ च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात कामांची जी यादी आहे, तिच्यातले पहिलेच काम लहान वयापासून मुलांना वाचनाची सवय लावणे हे आहे. खेड्यात पेटी पाठवता आली, तर आपल्याच गल्लीतल्या मुलासाठी दुपारी दार उघडता येईल, एवढेच माझे म्हणणे होते. त्यांनी ते मान्य केले आणि मंगळवारची पाळी स्वतःकडे घेतली.

७ जुलै २०२५, सोमवार

पहिला दिवस. काल आषाढी एकादशी होती, त्यामुळे तयारीला रविवारही पुरता मिळाला नाही. साडेबाराला दार उघडले. पाऊण वाजेपर्यंत कोणीही आले नाही. मग सहावीतल्या तीन मुली आल्या आणि दारातच थांबून ‘आत यायला किती पैसे?’ असे विचारू लागल्या. काही पैसे नाहीत, असे सांगितल्यावर त्यांनी एकमेकींकडे पाहिले, चपला काढल्या आणि आत आल्या. पाच वाजेपर्यंत एकूण नऊ मुले झाली.

सुरक्षिततेचे नियम आधी लिहून काढले होते, ते आजपासून लागू केले. खोलीत कोणत्याही वेळी किमान दोन प्रौढ व्यक्ती असतील. एकट्या प्रौढाने मुलांसोबत बसायचे नाही, मग ती व्यक्ती कितीही ओळखीची असो. मूल आले की नोंदवहीत नाव, शाळा, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ लिहायची. पालकांचे संमतीपत्र पहिल्या आठवड्यात भरून घ्यायचे आणि मुलाला न्यायला कोण येईल किंवा ते एकटे घरी जाईल का, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यायचे. स्वच्छतागृहाची आतली कडी मोडकी होती, ती शनिवारीच बदलून घेतली. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यातील तरतुदी वाचलेल्या असाव्यात, म्हणून सर्व स्वयंसेवकांना एकत्र बसवून त्या समजावून सांगण्यात आल्या. एका तरुण स्वयंसेवकाला हे अविश्वासाचे वाटले. मुलांना आणि त्यालाही याच नियमांमुळे संरक्षण मिळते, हे पटल्यावर त्याने सही केली.

१५ जुलै २०२५, मंगळवार

आजची नोंद लांबणार आहे, कारण आज कपाटे उघडली.

आमच्या बाल विभागातली पुस्तके काचेच्या दारांच्या तीन लोखंडी कपाटांत आहेत आणि तिन्ही कपाटांना कुलपे आहेत. मुलांनी काचेतून बोट दाखवायचे आणि ताईंनी पुस्तक काढून द्यायचे, अशी पद्धत होती. पहिल्या आठवड्यात मी पाहिले, की मुले नेहमी मधल्या फळीवरचीच पुस्तके मागतात. वरची त्यांना दिसत नाहीत आणि खालच्या फळीवरच्या पुस्तकांचे कणे वाचण्यासाठी वाकावे लागते, आणि वाकून काचेला नाक लावले की कोणीतरी ‘काच खराब होईल’ असे म्हणते. मागे किती पुस्तके आहेत, हे त्यांना कळतच नाही.

कुलपामागे ग्रंथपालताईंची भीती आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय कुलूप निघणार नव्हते. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. वार्षिक पडताळणीत एखादा क्रमांक सापडला नाही, तर त्याचे उत्तर ग्रंथपालाला द्यावे लागते. पुस्तक फाटून गेले तरी निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून कमी करण्याचा, ठराव होईपर्यंत ते त्यांच्याच माथी असते. ज्या व्यवस्थेत हरवलेल्या पुस्तकाचा जाब विचारला जातो आणि न वाचलेल्या पुस्तकाचा विचारला जात नाही, तिथे कोणताही प्रामाणिक माणूस कुलूपच लावेल. म्हणून कार्यकारिणीकडून लेखी ठराव करून घेतला, की दुपारच्या वेळेत बाल विभागातील पुस्तकांची जी झीज किंवा हानी होईल, तिची जबाबदारी प्रकल्पाची राहील, ग्रंथपालांची नाही. ठरावाची प्रत ताईंच्या हातात दिली, त्यांनी ती दोनदा वाचली आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यातले पहिले सूत्र ‘पुस्तके वापरासाठी आहेत’ असे आहे. ते पाठ असणारे आम्ही सगळेच होतो.

कपाटांची दारेच काढून टाकली. सर्वात वरची फळी रिकामी करून ती पुस्तके खाली आणली आणि छोट्यांची चित्रमय पुस्तके सतरंजीलगत, दोन उथळ खोक्यांत, मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी ठेवली. मांडणीसाठी दशांश वर्गीकरणाचे क्रमांक तसेच राहतील, पण मराठी साहित्याचा ८९१.४६ हा आकडा आठ वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. म्हणून कण्यावर रंगीत पट्ट्या लावल्या : गोष्टींना पिवळी, विज्ञानाला निळी, चरित्रांना लाल, कवितांना हिरवी. बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने बांधीव खंड आमच्याकडे आहेत, ते मुद्दाम हाताशी ठेवले, कारण त्यात कथा, कोडी आणि माहिती एकाच ठिकाणी मिळते आणि कोठूनही वाचायला सुरुवात करता येते.

दुपारी पावणेदोनच्या सुमारास एक मुलगा खोक्यापाशी फतकल मारून बसला आणि त्याने एकेक पुस्तक उचलून, उलटून, परत ठेवायला सुरुवात केली. बाविसावे पुस्तक त्याने ठेवले नाही. मी मोजत होते. कारण काचेतून बोट दाखवून त्याला बावीस पुस्तके कोणी काढून दिली नसती.

२३ जुलै २०२५, बुधवार

अभ्यासिकेतून तक्रार आली. शेजारच्या खोलीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे पंधरा-वीस तरुण बसतात. त्यांच्यासाठी अभ्यासिका दिवसभर उघडी असते आणि तिचे दार वेगळे आहे. मधली भिंत लाकडी फळ्यांची आहे. मुलांचा आवाज होतो, खुर्च्या ओढल्याचा तर फारच, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यात अतिशयोक्ती नाही. हे तरुणही आमचेच आहेत. घरी दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास होत नाही म्हणून ते इथे येतात. एकाची सोय करताना दुसऱ्याची गैरसोय होऊ नये, यासाठी खुर्च्या काढून सर्वत्र सतरंज्या घातल्या आणि मोठ्याने वाचनाची वेळ अभ्यासिकेतल्या मंडळींच्या जेवणाच्या वेळेत, म्हणजे दीड ते दोन, अशी ठरवली. तक्रार घेऊन आलेल्यांपैकी एक तरुण परवा दीड वाजता डबा घेऊन इकडेच आला आणि डबा संपवून मुलांना गोष्ट वाचून दाखवू लागला. त्याचे वाचन उत्तम आहे. आठवड्यातून दोन दिवस त्याने स्वतःहून घेतले आहेत.

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

रंगनाथन यांचा जन्मदिवस. राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. मुलांनी ग्रंथपालताईंना विचारून देवघेवीचे काम कसे चालते ते समजून घेतले आणि प्रत्येकाने एकेका पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारून पाहिला. अन्य कार्यक्रम ठेवला नाही.

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार

सोमवारपासून पावसाने ठाण्याला झोडपून काढले. मंगळवारी शाळांना सुट्टी जाहीर झाली, वाचनालयही बंद ठेवले. काल सकाळी दार उघडले, तेव्हा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून ओल झिरपून खालच्या खोक्यातली एकतीस पुस्तके भिजलेली आढळली. वरची फळी रिकामी करून पुस्तके खाली आणण्याचा निर्णय माझा होता आणि खोके भिंतीला टेकवून ठेवण्याची चूकही माझीच होती.

भिजलेल्या पुस्तकाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, म्हणून काल दिवसभर तेच काम केले. साध्या कागदाची पुस्तके पंख्याखाली अर्धवट उघडून उभी केली. उन्हात ठेवली तर पाने आकसतात आणि बांधणी वाकडी होते, शिवाय ऊनही नव्हते. गुळगुळीत कागदाच्या चित्रपुस्तकांना जास्त जपावे लागते, कारण ती वाळू लागली की पाने एकमेकांना कायमची चिकटतात. त्यामुळे प्रत्येक दोन पानांमध्ये कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा आणि असे पुनःपुन्हा करायचे. आज शाळा सुटल्यावर आलेल्या मुलांनी हे काम हाती घेतले. पान फाटू नये म्हणून बोटाने न उचलता फुंकर घालून वेगळे करण्याची युक्ती चौथीतल्या एका मुलीने शोधली आणि मग सगळेच पुस्तकांवर फुंकर घालत बसले. सव्वीस पुस्तके वाचवता आली. उरलेल्या पाचांचे दाखल क्रमांक ताईंना दिले आहेत. खोके भिंतीपासून फूटभर पुढे आणि विटांवर ठेवले आहेत.

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

गणपतीच्या दिवसांत उपस्थिती फारच कमी राहिली. परवा अनंत चतुर्दशी आहे. सोमवारपासून नियमित काम सुरू होईल.

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पालकांची बैठक झाली. एकूण अठरा पालक आले आणि त्यातल्या बहुतेकांनी एकच मागणी केली : मुले इथे रोज तीन-चार तास बसतात, तर त्यांचा गृहपाठ करून घ्या, पाढे पाठ करून घ्या, जमल्यास इंग्रजीही शिकवा, हवे तर थोडी फी देऊ. एक आई म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही शाळेत होता, तुमच्याकडून फुकट शिकायला मिळालं तर क्लासचे पैसे वाचतील हो.’ त्यांच्या बोलण्यात जे ओझे होते, ते मला ठाऊक आहे. क्लासची फी ही त्यांच्या पगारातली मोठी रक्कम असते.

तरीही आम्ही नकार दिला, आणि तो देताना मला जड गेले. याचे कारण येथे नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे जबाबदारी घेणाऱ्याला उपयोगी पडेल. मूल सकाळी सात ते साडेबारा शाळेत कोणीतरी सांगितलेले करीत असते, पाच ते सात क्लासमध्ये तेच करीत असते आणि मधल्या वेळेत आम्हीही तेच करायला लावले, तर दिवसभरात त्याने स्वतः निवडलेली एकही गोष्ट उरत नाही. वाचनालयात मूल स्वतः निवडते, अर्धे वाचून सोडते, तेच पुस्तक चौथ्यांदा घेते आणि त्याबद्दल त्याला कोणी गुण देत नाही. ही मोकळीक आपण काढून घेतली, तर मुलांना आणखी एक क्लास मिळेल आणि परिसरातले एकुलते एक वाचनालय जाईल.

पण गृहपाठाकडे पाठ फिरवणेही बरोबर नव्हते. मूल अडते ते उत्तर न आल्यामुळे कमी आणि उत्तर कुठे शोधायचे हे न कळल्यामुळे जास्त अडते. म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर शब्दकोश, नकाशासंग्रह, इयत्तावार पाठ्यपुस्तकांचा एक संच आणि ज्ञानकोशाचे काही खंड मांडले. स्वयंसेवकांना एकच सूचना दिली आहे : उत्तर सांगायचे नाही, शोधायला सोबत बसायचे. काल सातवीतल्या एका मुलाला ‘उल्हास नदी कुठून उगम पावते’ हे हवे होते. त्याने नकाशात वसईच्या खाडीपासून बोट मागे सरकवत नेले, बदलापूर, कर्जत असे करत ते सह्याद्रीपर्यंत पोहोचले आणि मग त्याने विचारले, की आपल्या घरामागच्या नाल्याचेही असेच कुठेतरी टोक असेल का? तो प्रश्न गृहपाठात नव्हता. उद्या आम्ही येऊरच्या डोंगराच्या उताराचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा शोधणार आहोत.

मागणीमागची भाषेची अडचण मात्र लगेच मान्य केली. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरीच मुले घरी हिंदी किंवा उर्दू बोलतात, काही इंग्रजी माध्यमात आहेत आणि मराठी वाचन त्यांना अवघड जाते. त्यांच्यासाठी हिंदी आणि सोप्या इंग्रजीतील पुस्तके घ्यायची आहेत. उर्दूची पुस्तके निवडण्यासाठी राबोडीतल्या एका शिक्षिकांची मदत मिळणार आहे. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना साहाय्य करते आणि बाल विभागासाठीही त्यांची योजना आहे. त्यासाठीचा प्रस्ताव तयार करण्याचे काम सहचिटणीसांनी घेतले.

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

नोंदवही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली आणि दोन दिवस ती मनातून जात नाही. पाचवी-सहावीच्या मुली मुलांच्या बरोबरीने येतात. आठवी-नववीच्या मुली जवळजवळ नाहीतच; त्या वयाचे मुलगे येतात. पहिल्या दिवशी आलेल्या तिघींपैकी एकीची मोठी बहीण जुलैत चार दिवस आली होती, पुढे तिचे नाव दिसत नाही.

आज तिच्या घरी जाऊन आले. आईंनी आदराने बसवले, चहा दिला. मुलगी दुपारी घरी आली की धाकट्याला जेवू घालते, तीन वाजता नळाला पाणी येते ते भरते, भांडी घासते आणि मग क्लासला जाते. वाचनालयात पाठवायला त्यांची ना नव्हती. पण ‘धाकट्याला कुणाकडे ठेवू?’ हा त्यांचा प्रश्न होता. आम्ही संमतीपत्रात सहा वर्षांखालील मुलांना परवानगी नाही, असे लिहिले होते. नियम सुरक्षिततेसाठी केला होता आणि त्याचा भार नेमका थोरल्या बहिणींवर पडला, हे अडीच महिने आमच्या लक्षात आले नाही. आईंना सांगितले, की भावाला घेऊन ये म्हणावे, तीन वाजेपर्यंत बसा आणि पाण्याच्या वेळेला जा. मोठ्या भावंडासोबत येणाऱ्या चार वर्षांवरील मुलांना प्रवेश देण्याचा बदल अध्यक्षांना दूरध्वनी करून संमत करून घेतला.

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

ती आली. भाऊ कडेवर होता, चार वर्षांचा. त्याला खोक्यापाशी बसवून ती लाल पट्टीच्या फळीकडे गेली आणि जुलैत अर्धे राहिलेले पुस्तक तिने नेमके काढले. आत तिने वहीच्या कागदाची घडी खुणेसाठी ठेवलेली होती, ती तशीच होती. मधल्या दोन महिन्यांत ते पुस्तक कोणी हाताळले नव्हते. भावाने एका चित्रपुस्तकाच्या कोपऱ्याला दात लावले. ती ओशाळली. तिला सांगितले, की हानीचा ठराव आमच्याकडे आहे.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

कार्यकारिणीसमोर अहवाल ठेवला. सध्या रोज सरासरी वीस ते पंचवीस मुले येतात. सात पुस्तके हरवली, पाच पावसात गेली, अकरांची बांधणी करावी लागेल. हिशेब वाचून झाल्यावर कोषाध्यक्षांनी हरवलेल्या सातांची नावे विचारली. सातपैकी चार चित्रपुस्तके आहेत, हे ऐकल्यावर ते म्हणाले, की ती कोणाच्या तरी घरी वाचली जात असतील, बांधणीच्या खर्चात त्यांच्या दुसऱ्या प्रतीही धरा.

अनामतीवर मात्र दीर्घ चर्चा झाली. बालसभासदाकडून दोनशे रुपये अनामत घेण्याचा जुना नियम आहे. ती परत मिळते हे खरे असले, तरी तीन भावंडांच्या घरात सहाशे रुपये अडकवून ठेवणे शक्य नसते. अनामतीऐवजी शिक्षक किंवा कोणताही सभासद यांची लेखी हमी घ्यावी, असा ठराव सहा विरुद्ध तीन मतांनी संमत झाला. विरोधात मत देणाऱ्यांनी वर्षाअखेरीस फेरविचार करण्याची अट घातली आहे, ती योग्यच आहे.

दुपारची वेळ कायम करण्याचा ठराव एकमताने झाला. अर्धवेळ सहायकाच्या मानधनासाठी परिसरातील गृहसंकुलांना पत्रे पाठवायची आहेत. स्वयंसेवकांवर वर्षानुवर्षे विसंबता येणार नाही.

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. शाळेत सकाळी कार्यक्रम झाल्याचे मुलांनी सांगितले, त्यामुळे येथे भाषण ठेवले नाही. दिवाळी अंकांचा पहिला गठ्ठा कालच आला होता. दरवर्षी तो आधी मोठ्यांच्या टेबलावर जातो. यंदा मुलांचे अंक वेगळे काढून थेट सतरंजीवर ठेवले. नव्या कागदाचा आणि शाईचा वास घेण्यासाठी दोघांनी अंक नाकाला लावले. उद्यापासून सुट्टी लागत असल्याने प्रत्येकाला एकाऐवजी तीन पुस्तके घरी नेण्याची मुभा दिली आणि साडेचारपासून सहापर्यंत देवघेवीच्या टेबलापाशी रांग होती. ग्रंथपालताईंनी आज शिक्का मारण्याचे काम नववीतल्या त्या मुलीकडे दिले.

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. परत यायच्या पुस्तकांपैकी नऊ अजून बाकी आहेत. त्यातली बहुतेक मुले गावाहून परतलेली नाहीत.

बाहेरची पाटी रंगवून घेतली. जुन्या पाटीवर वेळेच्या दोन ओळी होत्या. रंगाऱ्याने तिसऱ्या ओळीसाठी जागा नाही असे सांगितले, तेव्हा ‘शांतता राखा’ ही ओळ काढून त्या जागी ‘मुलांसाठी दुपारी १२.३० ते ४.३०’ असे लिहून घेतले. शांततेची पाटी अभ्यासिकेच्या दारावर लावली आहे.

पुढील आठवड्यातील कामे : खोलीतला दुसरा पंखा दुरुस्त करणे, उर्दू पुस्तकांची यादी राबोडीहून आणणे, संमतीपत्राचा सुधारित नमुना छापून घेणे, तीन वाजता पाणी भरायला जाणाऱ्या मुलींसाठी नोंदवहीत ‘परत येणार’ असा वेगळा रकाना आखणे.